थिबाचा वाडा आणि अंजनवेलच्या चिमण्या

रत्नागिरीला जातो असे म्हटले, की पुण्यामुंबईची मंडळी दोन गोष्टी बोलतात. वैशाख असेल तर 'आमच्यासाठी एक पेटी आणा' म्हणतात, आणि वैशाख नसेल तर 'आता तिकडे काय आहे?' असे विचारतात. आम्ही निघालो नाताळच्या सुटीत. कलमांना नुकता कुठे मोहोर धरू लागला होता, त्यामुळे पेटीची फर्माईश टळली. प्रश्न मात्र टळला नाही. बरोबर सौ., दोन मुले आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे आमचे एक स्नेही. हे गृहस्थ जिथे जातील तिथे भांडवल, व्याजदर आणि करार यांचाच विचार करतात. समुद्र पाहिला तरी बंदर किती खोल असेल हे विचारतात. त्यांच्यामुळे ही सहल नेहमीच्या वाटेने गेली नाही.

रत्नागिरीत जे पाहायचे ते आम्ही क्रमाने पाहिले. टिळकांचे जन्मघर पाहिले, सावरकरांच्या काळात १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर पाहिले, रत्नदुर्गावर जाऊन भगवतीची ओटी भरली, भाट्याच्या वाळूत मुलांनी पाय भिजवले. यांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी थिबा राजाचा वाडा पाहायला गेलो, आणि तिथे आमच्या धाकट्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला. "बाबा, राजाला इंग्रजांनी पकडून आणलं हे खरं, पण पकडलं कशासाठी?"

आपल्याकडे थिबाची गोष्ट दोन ओळींत उरकण्याची पद्धत आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, इंग्रजांनी रत्नागिरीस ठेवला, इथेच वारला. मी मुलीला असेच काहीतरी सांगू लागलो होतो, तोच अर्थशास्त्री म्हणाले, "लाकडासाठी, बाळ. सागवानी लाकडासाठी."

गोष्ट अशी आहे. मुंबईत १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. तिने ब्रह्मी राजाकडून निंग्यानच्या सागवानी जंगलांचा मक्ता घेतला. ओंडके तोडायचे, नदीत सोडायचे, खाली इंग्रजी मुलुखात रंगूनला विकायचे, आणि ओंडक्यामागे राजाला ठरलेली रक्कम द्यायची. १८८५ च्या ऑगस्टात मंडालेच्या राजसभेने, म्हणजे 'ह्लुतडॉ'ने, निवाडा दिला, की कंपनीने ऐंशी हजारांवर ओंडके नेले आणि पैसे भरले तीसएक हजारांचे. दंड व थकबाकी मिळून सुमारे २३ लाख रुपये भरा, असा हुकूम झाला. कंपनी म्हणाली, हा निवाडा म्हणजे रिकाम्या खजिन्याने केलेली लूट आहे. कोण खरे आणि कोण खोटे, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही.

कंपनीने हिंदुस्थान सरकारकडे धाव घेतली. सरकारने लवाद नेमा म्हटले, मंडालेने नकार दिला. तिकडे राजाने फ्रेंचांशी बोलणी चालवली होती, आणि ती गोष्ट इंग्रजांना ओंडक्यांपेक्षा अधिक झोंबत होती. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला. आमचा वकील मंडालेत घ्या, तो येईपर्यंत कंपनीवरची कारवाई थांबवा, आणि परराज्यांशी व्यवहार आमच्या सल्ल्याने करा! नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टच्या आगबोटी इरावतीतून वर निघाल्या, आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी लॉर्ड डफरिनच्या सरकारने ब्रह्मदेश खालसा केल्याचे जाहीर केले. दंड राहिला बाजूला, राजाचे राज्यच वसूल झाले!

थिबा काही साधुपुरुष नव्हता. गादीवर आल्यावर त्याच्या दरबाराने त्याच्या भाऊबंदांची जी कत्तल केली, ती वाचवत नाही. पण त्या पापाची शिक्षा म्हणून त्याला कोणी इथे आणले नव्हते.

एप्रिल १८८६ मध्ये राजा, दोन राण्या आणि मुली रत्नागिरीत उतरल्या. आधी त्यांना भाड्याच्या बंगल्यांत ठेवले. आज आपण पाहतो तो वाडा १९१० साली बांधून पुरा झाला. म्हणजे राजाने चोवीस वर्षे वाट पाहिली आणि वाड्यात राहिला फक्त सहा. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. जांभ्याच्या टेकडीवरची ही तांबडी वास्तू अजून देखणी आहे. अर्धगोल महिरपी, सागवानी कोरीव काम, मागे भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. राजा दुर्बीण घेऊन इथून जहाजे पाहत बसे, असे गावात सांगतात. ते खरे असो वा नसो, इथल्या गच्चीतून समुद्राखेरीज दुसरे पाहण्यासारखे काही नाही हे मात्र खरे. आणि खिडक्यांना लाकूड कोणते, तर सागवान! हा वाडा बांधणाऱ्यांच्या मनात काही उपरोध असेल असे वाटत नाही; सरकारी बांधकाम खात्याला उपरोध परवडत नाही.

सौ.ला राजाच्या दागिन्यांत रस होता. त्यांची कथा तर त्याहून उदास आहे. ब्रह्मदेशात मोगोक नावाच्या खोऱ्यात जगातले उत्तम माणिक सापडते. मोठे माणिक निघाले की ते राजाचे, असा तिथला कायदा. थिबाजवळचे 'नगा मौक' नावाचे प्रसिद्ध माणिक मंडाले पडल्याच्या गडबडीत नाहीसे झाले. ते आपण सांभाळायला म्हणून कर्नल स्लेडनकडे दिले, असे राजा रत्नागिरीहून अर्जांवर अर्ज करून सांगत राहिला. उपयोग झाला नाही. जवळ उरलेली रत्ने त्याने इथल्या सावकारांना आणि जवाहिऱ्यांना मिळेल त्या भावाने विकली, आणि कर्ज मात्र वाढतच राहिले.

आणि त्या खाणी? इंग्रजांनी राजाला इकडे पाठवले आणि १८८९ साली लंडनमध्ये रॉथस्चाइल्डांच्या पुढाकाराने 'बर्मा रूबी माइन्स' ही कंपनी निघाली. वर्षाला चार लाख रुपये खंड आणि नफ्यात सरकारचा वाटा, असा मक्ता. आता सरकार आपलेच, फौज आपलीच, कायदा आपलाच. मग अडचण कसली? पण कंपनीला खंड जड झाला, सरकारने तो पुढे कमी केला, आणि इतक्यात पॅरिसमध्ये वेर्नुई नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भट्टीत माणिक तयार केले. बाजार कोसळला. १९२५ साली कंपनी दिवाळ्याच्या वाटेला लागली. ज्यांच्या बाजूला सारे साम्राज्य होते, त्यांना एका भट्टीने बुडवले.

"हेच सांगतोय," अर्थशास्त्री वाड्याच्या पायऱ्यांवर बसून म्हणाले. "धंद्यातली जोखीम माणूस सोसतो. बाजार पडला, माल निघाला नाही, हे नशीब. पण मधेच राजा बदलला, कायदा बदलला, काल दिलेला मक्ता आज काढून घेतला, तर ती जोखीम कशी मोजायची? खाण काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पैसा एकदा जमिनीत घातला की घालणारा त्या सरकारच्या हातात सापडतो."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. मोसादेघांनी १९५१ साली इराणचे तेल राष्ट्राचे केले. चिलीने १९७१ मध्ये अमेरिकन कंपन्यांच्या तांब्याच्या खाणी घेतल्या, आणि 'तुम्ही आजवर फाजील नफा खाल्लात, तो वजा जाता तुम्हाला देणे काही उरत नाही' असा हिशेब दाखवला. आपल्याकडेही पाहा. व्हाइट इंडस्ट्रीज नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाला पिपरवारची कोळशाची खाण उभारून देण्याचा करार १९८९ साली केला. पुढे तंटा झाला, २००२ साली लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि तो अमलात आणण्याची गोष्ट आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षे पडून राहिली. शेवटी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारतालाच भरपाई द्यायला लावले. इथे कोणी खाण जप्त केली नव्हती, मक्ता मोडला नव्हता. नुसती तारखेवर तारीख!

"पण मोसादेघांचे पुढे काय झाले?" मी विचारले. १९५३ साली इंग्लंड-अमेरिकेच्या हेरखात्यांच्या मदतीने त्यांना उलथून टाकले. तेव्हा जोखीम दोन्ही बाजूंना असते. कंपनीची जोखीम वर्तमानपत्रात छापून येते, तिच्यावर विमा काढता येतो. राजाच्या जोखमीवर विमा काढणारी कंपनी मी अजून ऐकलेली नाही. जाता जाता एक सांगतो. बॉम्बे बर्मा कंपनी अजून मुंबईत आहे. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाल्यावर तिची तिथली जंगले गेली, पण ती मात्र उरली. ब्रिटानिया बिस्किटांच्या कंपनीची मालकी आज तिच्याच समूहाकडे आहे. हे ऐकल्यावर आमच्या चिरंजीवांनी हातातल्या पुड्याकडे जरा संशयाने पाहिले आणि मग उरलेली बिस्किटे खाल्ली.

राजाच्या समाधीवरही गेलो. सुपयालत राणी १९१९ साली ब्रह्मदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली आणि इथलीच झाली. तिचा वंश आज आपल्यासारखाच मराठी बोलतो. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन डोके टेकवून गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तरेची वाट धरली. गणपतीपुळे, मालगुंड, मग जयगडहून मोटारीसकट जंगलजेटीत बसून शास्त्रीच्या मुखातून तवसाळ. मालगुंडला केशवसुतांच्या घरी मराठीच्या प्राध्यापकाने किती वेळ थांबावे याला मर्यादा नाही; पण मंडळींना भूक लागली होती. हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर करून गुहागरला मुक्काम केला. गुहागरसारखे गाव कोकणातही विरळा. एकच लांबलचक रस्ता, दोहोंकडे माडापोफळींत बुडालेली घरे, मागल्या दाराने थेट पुळणीवर जावे. व्याडेश्वराच्या देवळात संध्याकाळची आरती झाली की गाव निजते.

या निजलेल्या गावाच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेल आणि वेलदूर यांच्या माथ्यावर देशातली तोवरची सर्वांत मोठी परदेशी गुंतवणूक येऊन उभी राहिली. कागदोपत्री ती 'दाभोळ पॉवर कंपनी'. दाभोळ खाडीच्या पलीकडे आहे. पण जगाला ते नाव ठाऊक होते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत दाभोळला अरबस्तानची गलबते लागत. लोक मात्र कंपनीला मालकाच्या नावाने 'एन्रॉन' म्हणत, आणि अजूनही म्हणतात.

आमच्या घरांतल्या विजेच्या बिलांशी या प्रकरणाचा संबंध असल्याने ते थोडे सविस्तर सांगतो. जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉनने वीज मंडळाशी प्राथमिक मसुदा केला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. सोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. स्पर्धेचे टेंडर निघाले नव्हते. एवढी वीज एवढ्या दराने महाराष्ट्राला परवडणार नाही, असे जागतिक बँकेने १९९३ सालीच कळवले होते. तरीही सही झाली. करार कसा होता हे खानावळीच्या भाषेत सांगता येईल. तुम्ही जेवा अथवा न जेवा, महिन्याचे पैसे द्यायचे. धान्य महागले तर वाढीव द्यायचे. आणि पैसे मोजायचे डॉलरच्या भावाने. डॉलर तेव्हा एकतीस रुपयांच्या आसपास होता. मंडळाने पैसे चुकवले तर राज्य सरकार जामीन, आणि राज्य चुकले तर केंद्र सरकार जामीन. सावकाराने एवढी तारणे मागितली की समजावे, त्याला कुळाची ऐपत चांगली ठाऊक आहे.

पुढचा भाग म्हणजे एक नाटकच आहे. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली. शिवसेना-भाजपचे राज्य आले, मुंडे समितीने चौकशी केली, आणि ऑगस्टात मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनी लंडनच्या लवादात गेली. मग नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या, आणि बुडवलेला प्रकल्प वर आला तो अधिक मोठा होऊन! आधी २०१५ मेगावॅट होता, तो आता २१८४ झाला. केंद्राच्या जामिनावर शिक्का बसला तो वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या अखेरच्या घटकांत, मे १९९६ मध्ये. विरोधात असताना सर्वच पक्षांना करार वाचता येतो. सत्तेवर गेल्यावर चष्मा का बदलतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

गावकऱ्यांचा विरोध चालूच होता. पाणी, मासळी आणि जमीन हे त्यांचे तीन प्रश्न. १९९७ साली वेलदूरमध्ये पोलिसांनी पहाटे घरांत शिरून बायाबापड्यांवर लाठ्या चालवल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ च्या अहवालात त्याची नोंद केली, आणि या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती हेही लिहिले. ही जोखीम कुठल्या विमापत्रात बसते, ते मी अर्थशास्त्र्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत; माडांकडे पाहत राहिले.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. इंधन नाफ्था, तेही महागलेले. डॉलर सत्तेचाळीस रुपयांकडे निघालेला. आणि वीज कमी उचलली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून युनिटचा दर सात रुपयांच्याही वर जायचा. मंडळाने स्वतःची स्वस्त केंद्रे मंद करून ही वीज घ्यावी, असा प्रकार. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या कराराची चिरफाड केली. मंडळाने पैसे देणे थांबवले, कंपनीने जामीनदारांचे दार ठोठावले, आणि २००१ च्या मे अखेरीस यंत्रे थांबली. दुसरा टप्पा जवळजवळ पुरा होऊन तसाच उभा राहिला. डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर ठरली, आपल्यामुळे नव्हे तर स्वतःच्या खोट्या हिशेबांमुळे.

इथे १८८५ साल पुन्हा आठवते. तेव्हा कंपनीचा विमा म्हणजे प्रेंडरगास्टच्या आगबोटी. या खेपेला अमेरिकन सरकारच्या 'ओपिक' नावाच्या विमा महामंडळाने भरपाई दिली आणि मग ते भारत सरकारशी लवादात उतरले. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनीही दावे लावले. २००५ मध्ये तडजोड झाली, आणि एनटीपीसी व गेल यांच्या पुढाकाराने 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही सरकारी कंपनी निघाली. म्हणजे शेवटी बिल आपल्याच नावावर आले. पण कोणी बंदुका घेऊन आले नाही, राजाला कोणी परमुलुखात नेले नाही. सव्वाशे वर्षांत एवढी सुधारणा झाली, ही थोडी गोष्ट नव्हे.

अंजनवेलला गोपाळगडाच्या तटावर उभे राहिले, की हे सारे एका नजरेत येते. एका हाताला पडक्या बुरुजांत वाढलेली झाडे, खाली खाडी, आणि पठारावर त्या चिमण्या. आम्ही पाहिले तेव्हा त्यांतून धूर दिसत नव्हता. २०१३ मध्ये गॅस आटल्यामुळे केंद्र पुन्हा बंद पडले होते, मग २०१५ पासून रेल्वेला वीज देऊ लागले. गॅस उतरवण्याचा धक्का २०१३ साली सुरू झाला, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने तो कित्येक वर्षे पावसाळ्यात बंदच असे.

तटावर अर्थशास्त्र्यांनी मोजायला सुरुवात केली. या जिल्ह्यातून कोण कोण परत गेले! झाडगावला तांबे गाळण्याचा स्टरलाइटचा कारखाना बांधायला घेतला होता, तो १९९३ मध्ये लोकांनी थांबवला; तो तुतिकोरीनला गेला, आणि तिथे २०१८ मध्ये गोळीबारात तेरा माणसे मेली. जैतापूरला फ्रेंच अणुभट्ट्यांचा करार २०१० साली झाला. दुसऱ्याच वर्षी आंदोलनात एक तरुण गोळीला बळी पडला, भट्टी आजवर उभी राहिलेली नाही. नाणारला सौदी अराम्को आणि अबुधाबीची तेलकंपनी यांनी २०१८ मध्ये हात मिळवले, आणि २०१९ च्या मार्चमध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग बारसूचा सडा पुढे आला, तर तिथे हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे. "परदेशातला माणूस ही यादी वाचील, तर इथे पैसा घालील का?" ते म्हणाले.

मी म्हटले, "या यादीतला कोणता करार सही होण्याआधी या गावांना मराठीत वाचून दाखवला होता, ते सांगा. घर बांधायचे तर आपण शेजाऱ्याला विचारतो."

"आणि शेजारी नेहमीच नाही म्हणाला तर? पोरे मुंबईला जातात ती काय हौसेने? गावात कामच नाही."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गुहागरच्या त्या लांबलचक रस्त्यावर मी किती कुलूपबंद घरे पाहिली होती, ते मला ठाऊक होते.

धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या जंगलजेटीत एक म्हातारा खारवी शेजारी उभा होता. त्याला मी चिमण्यांकडे बोट दाखवून विचारले, "काका, कंपनी आता चालते का?"

"कधी चालते, कधी नाय," तो म्हणाला. "बांधत होते तवा माझा पोरगा वेल्डर होता तिथं. चांगला पगार होता. मोर्चालापन त्योच जायचा रविवारी." एवढे सांगून तो गालातल्या गालात हसला. मग जेटी दाभोळच्या धक्क्याला लागली, आणि तो टोपली उचलून बाजाराकडे चालू लागला. आम्हाला दापोलीची वाट विचारायची होती, म्हणून मीही त्याच्यामागून उतरलो.